‘पॅच गोळीपेक्षा सुरक्षित’: हे वाक्य वाचायचं कसं?

रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी हार्मोन घ्यायचंच असेल तर गोळी नको, त्वचेवरचा पॅच किंवा जेल घ्या, ते सुरक्षित असतं. हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असणार. आरोग्य पुरवणीत, रील्समध्ये, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. हल्ली तर पीएचडी प्रवेशाच्या संशोधन प्रस्तावांतही पहिल्याच परिच्छेदात ते सापडतं, आणि बहुतेक वेळा पुढे एकही संदर्भ नसतो.

वाक्य खोटं नाही, हे आधीच सांगते. पण ते अर्धं आहे. सुरक्षित म्हणजे कशापासून? कोणत्या गोळीपेक्षा? कोणत्या वयाच्या बाईसाठी? आणि हे कळलं कसं? तुमच्यापैकी जे पेट किंवा नेट देऊन मुलाखतीच्या तयारीत आहेत त्यांच्यासमोर ‘हा पेपर क्रिटिकली वाचून दाखवा’ असा प्रश्न हमखास येतो. त्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही, कारण या एका वाक्यामागे चाळीसेक वर्षांचं संशोधन आहे आणि त्यात विज्ञान एकदा जोरात तोंडावर पडलेलं आहे.

(मी बायोकेमिस्ट्रीवाली आहे, डॉक्टर नाही. घरातल्या कोणाचं औषध हा लेख वाचून सुरू किंवा बंद करू नका.)

यकृताची भानगड

पाळी जाण्याच्या सुमारास अंडाशयांतून येणारं एस्ट्राडायोल कमी होतं. अंगातून गरम वाफा येणं, रात्री घामाने उठणं, झोप मोडणं, योनीमार्ग कोरडा पडणं, हाडांची झीज, हे सगळं त्यातून येतं. बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की वाफा कमी होतात, यावर फारसा वाद नाही. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. तोंडावाटे इस्ट्रोजेन देण्याच्या चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २००४ साली आला. त्यात औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्या बायकांच्याही वाफा सुमारे ५८ टक्क्यांनी कमी झालेल्या होत्या. औषधाचा फायदा याच्या वर मोजायचा असतो. ‘आमच्या ५० रुग्णांपैकी ३० जणींना बरं वाटलं’ अशा वाक्यावर प्रबंध उभा करू पाहणाऱ्यांनी हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

आता गोळी आणि पॅच यांतला फरक. गोळी गिळली की आतड्यातून शोषलेलं एस्ट्राडायोल आधी थेट यकृतात जातं आणि तिथे त्याचा बहुतांश भाग मोडला जातो. मूळ रूपात अंगभर फिरायला जेमतेम ५ टक्के उरतं. म्हणून गोळीत १ ते २ मिलिग्रॅम भरावं लागतं. पॅच मात्र दिवसाला ५० मायक्रोग्रॅम सोडून साधारण तेच काम करतो. म्हणजे वीस ते चाळीस पट कमी. त्वचेतून गेलेला रेणू खालच्या केशवाहिन्यांत उतरतो आणि यकृताच्या दारात रांग न लावता अंगभर पसरतो. एस्ट्राडायोलचा रेणू २७२ डाल्टनचा, चरबीत विरघळणारा. त्वचेचा वरचा थर ओलांडायला साधारण ५०० डाल्टनच्या आतला रेणू लागतो, या ढोबळ नियमात तो आरामात बसतो. अमेरिकेत पहिल्या पॅचला, प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायच्या स्कोपोलामिनच्या पॅचला, १९७९ साली परवानगी मिळाली आणि १९८६ साली एस्ट्राडायोलच्या पॅचला.

यकृताला वळसा घालण्याचा फायदा काय? रक्त गोठवणारे बरेच घटक यकृतातच बनतात. गोळीतला इस्ट्रोजेनचा मोठा डोस यकृतावर आदळला की त्यांचं गणित बिघडतं आणि रक्त गोठण्याकडे झुकतं. पॅचने तसं होताना दिसत नाही. पायाच्या शिरेत गुठळी होणं आणि ती सुटून फुप्फुसात जाणं हा एचआरटीचा जुना, खरा धोका. तो पॅचमध्ये टळायला हवा, असा तर्क.

तर्क देखणा आहे. आणि इथेच सावध व्हायचं.

२००२ चा धडा

याच क्षेत्रात याआधीही एक देखणा तर्क होता. पाळी जाण्याआधी बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी, नंतर वाढतो. म्हणजे इस्ट्रोजेन हृदयाला वाचवतं. म्हणजे ते बाहेरून दिलं तर हृदय वाचेल. निरीक्षणात्मक अभ्यासांनी साथ दिली. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत, १९९१ साली, हार्मोन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार जवळजवळ निम्म्यावर दिसला होता.

मग जुलै २००२ मध्ये वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचे, म्हणजे डब्ल्यूएचआयचे निष्कर्ष आले. १६,६०८ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटलेल्या. एका गटाला घोडीच्या मूत्रातून काढलेलं संयुग्मित इस्ट्रोजेन अधिक मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, दुसऱ्याला नुसती गोळी. हृदयविकार कमी झाला नाही, उलट १.२९ पट झाला. स्तनाचा कर्करोग १.२६ पट, पक्षाघात १.४१ पट, फुप्फुसातली गुठळी २.१३ पट. साडेआठ वर्षांची चाचणी सरासरी ५.२ वर्षांतच थांबवली.

या ‘पटीं’चा प्रत्यक्ष अर्थ असा: १०,००० बायकांनी एक वर्ष हे औषध घेतलं तर हृदयविकाराच्या ७, पक्षाघाताच्या ८, फुप्फुसातल्या गुठळीच्या ८ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या ८ घटना जास्त, आतड्याच्या कर्करोगाच्या ६ आणि खुब्याच्या फ्रॅक्चरच्या ५ कमी. बातम्यांत पट छापून आले, हा दहा हजारांचा हिशोब आला नाही. जगभर बायकांनी गोळ्या बंद केल्या. आपल्याकडे ‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ ही भीती अजून टिकून आहे ती त्याच लाटेतली.

तुमच्या कामाचा मुद्दा पुढे आहे. डब्ल्यूएचआयमधल्या बायकांचं सरासरी वय ६३.३ होतं. पाळी नुकतीच थांबलेल्या, वाफांनी बेजार झालेल्या पन्नाशीच्या बायकांची ती चाचणी नव्हतीच. आणि त्यात एकाही बाईला पॅच दिलेला नव्हता. तरीही अमेरिकेच्या एफडीएने २००३ मध्ये लावायला सुरुवात केलेली काळ्या चौकटीतली सूचना इस्ट्रोजेनच्या सगळ्या उत्पादनांवर आली, पॅचवर आणि योनीत लावायच्या क्रीमवरसुद्धा. ती काढायची प्रक्रिया सुरू केल्याचं एफडीएने जाहीर केलं नोव्हेंबर २०२५ मध्ये. एका रेणूचा, एका मार्गाचा, एका वयोगटाचा निष्कर्ष बाकी सगळ्यांवर बावीस वर्षं चिकटून राहिला.

आता खरा अवघड प्रश्न. पॅच सुरक्षित असल्याचा जो पुरावा आहे तो बहुतेक निरीक्षणात्मकच आहे. ज्या प्रकारच्या पुराव्याने २००२ च्या आधी फसवलं, त्याच प्रकारच्या पुराव्यावर आज विश्वास का ठेवायचा? मुलाखतीत मी परीक्षक असते तर हाच प्रश्न विचारला असता.

आकडे वाचूया

२००३ साली लॅन्सेटमध्ये फ्रान्सचा एस्थर अभ्यास आला. केस-कंट्रोल पद्धत: गुठळी झालेल्या १५५ बायका, न झालेल्या ३८१, दोन्हींत मागे वळून पाहायचं की कोण काय घेत होतं. गोळी घेणाऱ्यांत ऑड्स रेशो ३.५, पॅच-जेलवाल्यांत ०.९. लोक हे दोन आकडे घेऊन निघून जातात. तुम्ही कंस वाचा. पॅचच्या ०.९ ची ९५ टक्के मर्यादा ०.५ ते १.६ आहे. म्हणजे या माहितीत पॅचने धोका निम्मा होणंही बसतं आणि ६० टक्क्यांनी वाढणंही बसतं. ‘धोका वाढल्याचा पुरावा नाही’ आणि ‘धोका वाढत नाही याचा पुरावा आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. एस्थरने पहिलं सिद्ध केलं. त्याचा हवाला देऊन दुसरं लिहिणारे थोडेथोडके नाहीत.

दुसऱ्या वाक्याच्या जवळ आपण पोचलो २०१९ च्या जानेवारीत. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींवरून विनोग्रादोव्हा आणि सहकाऱ्यांनी बीएमजेमध्ये काम छापलं: १९९८ ते २०१७, वय ४० ते ७९, गुठळीच्या ८०,३९६ केसेस आणि ३,९१,४९४ कंट्रोल. गोळी १.५८, पॅच-जेल ०.९३, मर्यादा ०.८७ ते १.०१. कंस किती आकसला बघा. आता ‘६० टक्के वाढ’ शक्यतेच्या बाहेर गेली.

याच पेपरमधली एक जोडी मला फार आवडते, कारण ती पाढे येणाऱ्या कोणालाही समजते. गुठळी झालेल्यांमध्ये ज्या हार्मोन घेत होत्या त्यांतल्या ८५ टक्के गोळीवर होत्या. गुठळी न झालेल्यांमध्ये ज्या घेत होत्या त्यांतल्या ७८ टक्के. ८५ ला १५ ने भागा, ७८ ला २२ ने भागा, पहिल्याला दुसऱ्याने भागा: १.६ येतं. त्यांनी वजन, धूम्रपान, आजार वगैरे सगळं जमेस धरून काढलेल्या १.५८ आणि ०.९३ यांचं गुणोत्तर आहे १.७. म्हणजे मोठमोठ्या मॉडेल्समधून जे निघालं ते कच्च्या हिशोबातही जवळपास दिसत होतं. मॉडेलने चित्र उलटवलं असतं तर मी जास्त साशंक झाले असते.

आता विश्वासाचा प्रश्न. १९९१ ची तुलना होती हार्मोन घेणाऱ्या विरुद्ध न घेणाऱ्या. घेणाऱ्या बहुतेक शिकलेल्या, पैसेवाल्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या. त्यांचं हृदय आधीच बरं असण्याची शक्यता. इथे तुलना आहे घेणाऱ्या विरुद्ध घेणाऱ्या, फक्त मार्ग वेगळा. तो जुना दोष बराचसा दोन्हींकडे सारखा येतो आणि कटतो. दुसरं, डॉक्टर पॅच कोणाला देतात? ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१५ च्या सूचनेतच आहे की बीएमआय ३० च्या वर असेल किंवा गुठळीचा धोका जास्त असेल तर त्वचेतून देण्याचा विचार करा. म्हणजे पॅचच्या वाट्याला जास्त धोक्याच्या बायका येण्याचा संभव, आणि तरी त्यांच्यात गुठळ्या वाढलेल्या नाहीत. पूर्वग्रह आहे, पण तो निष्कर्षाच्या विरुद्ध दिशेने ओढतोय. ‘बायस आहे’ एवढं म्हणून थांबणारा उमेदवार आणि ‘बायस कुठल्या दिशेने आहे’ हे सांगणारा उमेदवार यांत परीक्षकाला फरक कळतो. तिसरं, रक्त गोठण्याचे घटक मोजणाऱ्या छोट्या यादृच्छिक चाचण्या आहेत आणि त्या यकृताच्या तर्काशी जुळतात.

मग मोठी यादृच्छिक चाचणी का करत नाहीत? कागद घ्या. समजा पन्नाशीच्या बायकांत गुठळीचं प्रमाण वर्षाला हजारी १, आणि गोळीने ते हजारी २ होतं. पाच वर्षांत पॅच गटात हजारी ५, गोळी गटात हजारी १०. हा फरक ८० टक्के पॉवरने पकडायला नेहमीच्या सूत्रात आकडे टाकले तर प्रत्येक गटात सुमारे ४,७०० बायका लागतात, त्याही पाच वर्षं एकही न गळता. गळती धरा, सहज १२-१५ हजार. एवढ्या बायकांना, गोळीचा धोका जास्त असल्याचा अंदाज असताना, चिठ्ठी टाकून गोळी द्यायला कुठली एथिक्स कमिटी मान डोलावेल?

हा हिशोब येत असेल तर कीप्स चाचणीचं भलतं वाचन तुम्ही करणार नाही. ७२७ बायका, चार वर्षं: २३० जणींना गोळी, २२२ जणींना ५० मायक्रोग्रॅमचा पॅच, २७५ जणींना नुसती गोळी-पॅच. मानेतल्या धमनीची जाडी मोजायला ती आखली होती आणि त्यात तिन्ही गटांत फरक आला नाही. कोणी म्हणालं, ‘कीप्समध्ये गुठळ्यांचा फरक दिसला नाही’, तर गुणाकार करा. २२२ गुणिले ४ म्हणजे ८८८ स्त्री-वर्षं, अपेक्षित घटना एकही नाही. गोळी गटात जेमतेम दोन. एवढ्यावर काही बोलायचं नसतं.

मार्ग की रेणू?

कीप्समध्ये आणखी एक खोच आहे, आणि समीक्षा लिहिताना लोक ती हमखास सोडतात. गोळीत होतं घोडीचं संयुग्मित इस्ट्रोजेन. पॅचमध्ये होतं एस्ट्राडायोल. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. फरक दिसला असता तरी तो त्वचेमुळे की रेणूमुळे, हे सांगता आलं नसतं. पॅच विरुद्ध गोळी या साहित्यात अशी भेसळ बरीच आहे.

विनोग्रादोव्हांच्या पेपरमध्ये ती थोडी सुटते. त्यांनी नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांतही रेणू वेगळे करून पाहिले: एस्ट्राडायोलच्या गोळीचा धोका घोडीच्या इस्ट्रोजेनच्या ०.८५ पट. म्हणजे रेणूने फरक पडतो, पण थोडा. एस्ट्राडायोलही तोंडावाटे घेतलं की धोका काही पॅचइतका खाली येत नाही. उरलेला फरक मार्गाचा. तेव्हा गुठळीपुरतं ‘पॅच गोळीपेक्षा सुरक्षित’ हे वाक्य मी मान्य करते, निरीक्षणात्मक पुरावा असूनही.

गुठळीपुरतं.

कारण यकृताचा तर्क स्तनाला लागू नाही. स्तनाच्या पेशीला इस्ट्रोजेन पोटातून आलं की कातडीतून, याच्याशी देणंघेणं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॅन्सेटमध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्रित मांडणी आली, स्तनाचा कर्करोग झालेल्या १,०८,६४७ बायकांची. त्यात नुसतं इस्ट्रोजेन गोळीतून घेतलं काय नि त्वचेतून घेतलं काय, सापेक्ष धोका जवळपास सारखाच. गर्भाशयाचंही तसंच. गर्भपिशवी असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर अस्तर वेडंवाकडं वाढतं. अमेरिकेच्या पेपी चाचणीत तीन वर्षांत ३४ टक्के बायकांत गंभीर प्रकारची वाढ दिसली, औषध नसलेल्या गटात १ टक्का. म्हणून सोबत प्रोजेस्टोजेन लागतं. पॅच लावला म्हणून ते टळत नाही.

आणि डोस. पक्षाघाताचा धोका पाहणारा रेनू आणि सहकाऱ्यांचा पेपर २०१० साली बीएमजेमध्ये आला, ब्रिटनच्याच नोंदींवर, वय ५० ते ७९. ५० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या पॅचला ०.८१, त्याच्या वरच्या पॅचला १.८९. कंस रुंद आहे, १.१५ ते ३.११, पण १ च्या पलीकडे आहे. ‘पॅच’ ही एक वस्तू नाही. त्यावर आकडा असतो.

हे सगळं कोणासाठी?

वरचे पेपर अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनचे. बायका मुख्यतः पन्नाशीच्या पुढच्या. इंडियन मेनोपॉज सोसायटीच्या देशव्यापी पाहणीत, जी २०१६ साली छापून आली, भारतात पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६.२ आलं, अमेरिकेत ते ५१ च्या आसपास धरतात. पाचेक वर्षांचा हा फरक प्रस्तावात लिहायला सगळ्यांना आवडतो. पण महाराष्ट्रात ज्या बायकांसाठी हा प्रश्न सगळ्यात तीव्र आहे त्या सरासरीत सापडत नाहीत.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात ही बातमी देशभर गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या बायकांचं देशाचं प्रमाण ३.३ टक्के आहे. (भागाकार करून लगेच ‘पाचपट’ लिहू नका, वयोगट तेच आहेत का ते आधी बघा.) कारणं तुम्हाला माहीत असतील: मुकादमाची उचल, खाडा पडला की कापले जाणारे पैसे, पाळीत फडात कुठे आडोसा नाही, आणि ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवणारे दवाखाने. हंगामात यातल्या कितीतरी जणी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या फडांवर असतात. म्हणजे हा काही लांबचा विषय नाही.

या आकड्याकडे हार्मोनच्या नजरेने बघा. पिशवी काढली म्हणून इस्ट्रोजेन थांबत नाही. ते अंडाशयांतून येतं. सोबत दोन्ही अंडाशयं काढली तर बत्तीस वर्षांच्या बाईची रजोनिवृत्ती एका दिवसात होते. ठेवली तरी ती काही वर्षं आधी थकण्याची शक्यता असते. पण गाजलेला आकडा पिशवीचा आहे. राष्ट्रीय पाहणीही पिशवी काढली का, कधी, कुठे, का, हे विचारते. अंडाशयांचं विचारत नाही. त्यात रजोनिवृत्तीची पाठ्यपुस्तकी व्याख्या म्हणजे बारा महिने पाळी न येणं. पिशवीच नसलेल्या बाईला पाळी नाहीच. तिची रजोनिवृत्ती कधी झाली, हे त्या व्याख्येने कधीच कळणार नाही, आणि म्हणून पाळी थांबण्याच्या वयाच्या अभ्यासांतून तिला सहसा बाजूला काढतात. ४६.२ च्या सरासरीला तिचा स्पर्शही होत नाही.

आता तिला पॅच-गोळीचं ते वाक्य लावून बघा. तिला पिशवी नाही, म्हणजे प्रोजेस्टोजेनची गरज सहसा नाही. ही जमेची बाजू. डब्ल्यूएचआयचा पिशवी काढलेल्या बायकांचा वेगळा भाग होता, २००४ साली आलेला, १०,७३९ बायकांचा, नुसत्या इस्ट्रोजेनचा. त्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, ०.७७ आला; पक्षाघात मात्र १.३९. पण त्यांचंही वय ५० ते ७९. बत्तीस वर्षांची त्यात कोणी नव्हती. पन्नाशीनंतर हार्मोन देणं म्हणजे शरीराने थांबवलेलं पुन्हा चालू करणं. बत्तिशीत देणं म्हणजे शस्त्रक्रियेने हिसकावलेलं परत करणं. तुलना वेगळी, प्रश्नच वेगळा. म्हणून मार्गदर्शक सूचना सांगतात की अंडाशयं अकाली गेली आणि दुसरी अडचण नसेल तर निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत हार्मोन द्यावं. हाडं आणि हृदय यांच्यासाठी. बत्तीस ते शेहेचाळीस म्हणजे चौदा वर्षं. आणि एवढ्या तरुण बाईला बऱ्याचदा ५० नाही, १०० मायक्रोग्रॅमचा पॅच लागतो. मघाशी रेनूंचा १.८९ बघितला तो याच पट्ट्यातला, पण तिच्या आईच्या वयाच्या बायकांत मोजलेला. तो आकडा जसाच्या तसा उचलून तिला घाबरवणं म्हणजे २००२ ची चूक पुन्हा करणं. आणि तो आकडा नाहीच असं समजून ‘पॅच सुरक्षित’ म्हणणं हा तोच प्रकार उलट्या बाजूने.

पुढचं पेपरात येत नाही ते. पॅच ओटीपोटावर किंवा ढुंगणावर, कोरड्या स्वच्छ त्वचेवर लावा, कंबरेच्या घट्ट पट्ट्याखाली नको, आठवड्यातून दोनदा बदला, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. ऊसतोड बाई पहाटे फडात उतरते, पदर कंबरेला खोचते, दिवसभर वाकून कोयता चालवते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवते. घाम आणि घासणं नेमकं तिथेच. जेल लावायचं तर ते सुकू द्यायचं, तासभर धुवायचं नाही आणि त्या जागेला लहान मूल चिकटू द्यायचं नाही. कोपीत अंगावर पिणारं पोर असताना. उष्णतेने त्वचेतलं रक्ताभिसरण वाढतं, म्हणूनच फेंटानिलच्या पॅचवर ऊब लावू नका असा इशारा असतो. घामेजलेल्या, तापलेल्या त्वचेवर एस्ट्राडायोलचा पॅच किती चिकटतो आणि किती सोडतो, हा फार्मास्युटिक्सच्या एमफार्म-पीएचडीवाल्यांनी हातात घ्यावा असा अगदी मोजता येण्याजोगा प्रश्न आहे. त्याला अमेरिकेचं अनुदान लागत नाही.

त्याहीपेक्षा साधं काम आहे. शस्त्रक्रिया झालेल्या बाईकडे डिस्चार्ज कार्ड असतं, निदान असायला हवं. त्यावर पिशवी काढल्याचं लिहितात. एक अंडाशय काढलं, दोन काढली की दोन्ही ठेवली, हे वाचता येईल असं किती कार्डांवर लिहिलेलं आहे, एवढंच मोजा. एक तालुका घ्या, आशाताईंना सोबत घ्या, एथिक्सची परवानगी काढा, शंभर-दोनशे कार्डं बघा. जिथे तो रकाना कोरा आहे तिथे त्या बाईला पॅच द्यायचा की गोळी द्यायची, किती द्यायचं, की काहीच नको, हे ठरवायला समोरच्या डॉक्टरकडे पहिली माहितीच नाही.